बेवारसांच्या वहीचा रुमाल

मित्रांनो, मी एक जुना रुमाल आहे. नाक पुसायचा नव्हे, दप्तर बांधायचा. सुरतेच्या एका मागावर मांजरपाट म्हणून विणला गेलो, लाल रंगात बुडालो आणि तापीकाठच्या एका स्मशानाच्या कचेरीत आलो. तिथले कारकून छगनभाई माझ्या चार टोकांची गाठ अशी मारत की मुंगीलाही आत वाट मिळू नये. मला त्याचा फार तोरा होता.

अडुसष्ट साली पूर आला. त्या दिवसांत नावागावाचा पत्ता न लागलेल्या माणसांची एक वेगळी वही झाली, आणि ती माझ्या पोटात आली. पुढे तिला कोणी विचारलं नाही. माळ्यावर पडून माझा रंग उडाला, वाळवीनं एक कोपरा खाल्ला.

कचेरीत दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी सुरतेतल्याच लिंबायत वस्तीतून खानदेशी चंद्रभागाबाई येत. त्यांचा मुलगा दगा पुराच्या दिवशी माग वाचवायला कारखान्यात गेला, तो परतलाच नाही. खानदेशात आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. जिवंत माणसाची भरली तर अपशकुन, मेलेल्याची राहिली तर तो तहानलेला. बाईंचा जीव ह्या कात्रीत अडकला होता.

छगनभाई नावांच्या वह्या चाळत. दगा सापडत नसे. मग ते हळूच विचारत, "माजी, बिनवारसी चोपडो जोई लऊं?"

बेवारसांची वही म्हटलं की बाई ताडकन उठत. "मी जित्ती शे ना. मना आंडोर बेवारस कसा व्हई?"

अशी पाच वर्षं गेली. आईच्या मायेपुढे कारकुनाचं काय चालणार!

चौऱ्याहत्तर साली त्या आल्या तेव्हा छगनभाई माझी गाठ सोडून वाळवी झटकत बसले होते. माझं भोक पाहून बाईंना राहवलं नाही. कनवटीची सुई काढून त्यांनी मला मांडीवर घेतलं. इकडे छगनभाई कुठली पानं शाबूत आहेत ते पाहत पुटपुटत वाचत होते. पुरुष, वय पंचवीसेक. डाव्या करंगळीचं पेर नाही. कमरेला काळा करदोडा, त्यात पिवळा नि जांभळा रेशमी धागा वळलेला.

सुई माझ्यातच थांबली.

"करंगळी मागमा गयी व्हती," बाई म्हणाल्या. "आनि तो करदोडा मीच वळेल शे. धागा त्यानीच लयेल व्हता."

गुडघाभर चिखलात उभं राहून छगनभाईंनी एका अनोळखी माणसाच्या करदोड्याचे रंगसुद्धा लिहून ठेवले होते! सहा वर्षं मी काय पोटाशी धरून बसलो होतो, ते मला तेव्हा कळलं. माझा सगळा तोरा गळून पडला.

बाईंनी विचारलं, "आग कोनी दिधी?"

छगनभाईंनी ओळीच्या शेवटी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, अग्नी देणारा मगन, घाटावरचा माणूस. लाकडं ओली, पहाटेपासून दुपारपर्यंत बसून होता. त्या वहीतल्या प्रत्येक ओळीशेवटी मगनचंच नाव होतं.

"मगन कोठे शे?"

"गुजरी गया, माजी. बे वरस थयां. आगेपीछे कोई नहीं था."

बाईंनी डोळे पुसले, दोरा दातानं तोडला, वही माझ्यात ठेवली आणि चारी टोकं स्वतः बांधली. उठताना म्हणाल्या, "मंग यंदा दोन घागरी भरसू. एक दगानी, एक मगननी."

मित्रांनो, तुमच्या गावातही कुठल्या तरी माळ्यावर असं एखादं दप्तर असेल. त्याला वाळवी लागू देऊ नका. ज्या पानांवर नावं नाहीत, ती तर अधिक जपा. त्यांतल्या माणसांना शोधणारं कोणीतरी असतं, फक्त त्याला यायला उशीर होतो.