मधली खुर्ची

बसा, एका खुर्चीची गोष्ट सांगतो. दोन भावांतला थोरला त्या दिवशी सभागृहात डाव्या स्पीकरमागे उकिडवा बसून लाल तारेच्या जागी काळी आणि काळीच्या जागी लाल खोचत होता.

एवढंच केलं. पण अशानं एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि बरोब्बर मध्ये बसलेल्या माणसापाशी दोघांचे आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. दोन भावांनी एकच घास ओढावा आणि तो कुणाच्याच तोंडी लागू नये, तसं.

जोडणी धाकट्याची होती. घरात उठता-बसता त्याचंच कौतुक, त्याची तार म्हणे कधी चुकत नाही. ऐकून ऐकून थोरल्याच्या पोटात निखारा पडला होता. बाबा आज आवाज तपासायचं काम सोडणार होते, गळ्यातला जुना हेडफोन दोघांतल्या एकाला देणार होते. त्याआधी धाकट्याचं पितळ उघडं पडायला हवं होतं.

बाबा मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसले. चाळीस वर्षं तिथूनच आवाज तपासलेला. धाकट्यानं माइकवर आकडे म्हटले. बाबांनी मान वाकडी केली, कानात करंगळी फिरवली, पुन्हा म्हणायला लावलं. थोरला खांबाला टेकून शिव्यांची वाट बघत होता.

"पोकळ येतोय रे," बाबा थोरल्याला हळूच म्हणाले.

"तारा बघायला सांगू त्याला?"

"त्याची तार नाही चुकायची. माझेच कान गेले." त्यांनी हेडफोन काढून थोरल्याच्या हातात ठेवला. "त्याचा हात चांगला, पण कान तुझा. हा तुझ्यासाठीच ठेवला होता. बस इथं. भरीव येतोय ना, सांग."

थोरला बसला. समोर धाकट्याचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता चिपाडासारखा.

"येतोय," तो म्हणाला.

बाबा चहाला गेल्यावर त्यानं तारा सरळ केल्या. पण म्हातारा त्या खुर्चीवर परत बसला नाही. आताशा सभागृहाच्या दाराशीच बसतो, कुणी आवाजाबद्दल विचारलं की हसून 'कान गेले' म्हणत कानाला हात लावतो. थोरला कितीदा तरी 'बाबा' म्हणून पुढं होतो आणि पाणी हवं का विचारून माघारी येतो.

तुम्ही उद्या त्या सभागृहात जाणार ना? मग एक करा. स्पीकर चालू असताना म्हाताऱ्याचा हात धरून त्याला मधल्या खुर्चीवर न्या. का, कशाला, काही बोलू नका. नुसतं बसवा.