भिवराबाईच्या अंगात मीच होते

मी झोपेची गोळी बोलतेय. खरं तर भीती घालवणारी. पण भिवराबाईच्या घरात माझं नाव काढायलाच बंदी. तिचा नवरा रायभान मेंढरांमागे गेला आणि अंगावर वीज पडून तिथंच संपला. तेव्हापासून म्हातारीचा डोळा लागेना. मुलगा आदिनाथ तिला गुपचूप परभणीला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. फाईल त्यानं ज्वारीच्या कोठीमागे दडवली. "लोक येडी म्हणत्याल," एवढंच बायकोला म्हणाला.

पहिले काही दिवस बरे गेले. म्हातारी पुन्हा कोकरांशी बोलायला लागली. मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता!

मग तिच्या छातीत धडधड सुरू झाली. जिंतूरच्या डॉक्टरनं दुसरी गोळी दिली. गुणाची होती ती, माझा तिच्यावर राग नाही. पण आम्हा दोघींचा निचरा एकाच यकृतातून. मी तशीही अंगात रेंगाळणारी, त्यात म्हातारं शरीर, आणि तिच्यामुळे माझी वाट आणखी अडली. कालची मी रक्तात असतानाच आजची मी घशाखाली उतरायची. माझीच भुतं आत साचत गेली.

भिवराबाई दिवसाही पेंगायची, चालताना तिचा तोल जायचा. भर उन्हात ती रिकाम्या दाराशी बोलायची, "आवो, आत या की. भिजायलाव कशाला?"

"रायभानच बलवायलाय तिला," शेजारची गीताबाई कुजबुजली. सून दीपिका लय घाबरली. तिनं सासूला अंगारा लावला, दंडाला काळा दोरा बांधला आणि रोजच्यासारखं मला पाण्याबरोबर भरवलं. मी आतून ओरडत होते, अगं पोरी, सासरा नाही गं, मी आहे!

आज सकाळी भिवराबाई न्हाणीत कोसळली. आदिनाथनं तिला जिंतूरला आणलंय. मला कुणी बघू नये म्हणून उरलेलं पाकीट त्यानं सदऱ्याच्या खिशात घातलंय. म्हातारीचे डोळे अर्धे मिटलेत, श्वास फार संथ चाललाय.

"आणखी कुठली गोळी चालू आहे का? झोपेची वगैरे?" डॉक्टर विचारतात.

आदिनाथ दाराकडे बघतो. बाहेर बाकावर गावातली दोन माणसं बसलीत.

"न्हाई साहेब. दुसरं काय बी न्हाई."

डॉक्टर पुन्हा विचारतात. आदिनाथचा हात खिशावर येऊन थांबतो.

आदिनाथ, अरे, आई आहे ती तुझी. गावाला म्हणू दे काय म्हणायचं ते. मला टेबलावर ठेव.