सीवची घसरगाडी

मित्रांनो, मला चाकं नाहीत. दोन लांब पोलादी पट्ट्यांवर मी बर्फावरून सरकते. पुढे बसायला लाकडी पाट आहे आणि मागे धरायला दांडा. एकाने बसायचं, दुसऱ्याने मागे पट्टीवर एक पाय ठेवून दुसऱ्या पायाने रेटा द्यायचा. मी उत्तर स्वीडनमधल्या एका लहान शहरातली जुनी घसरगाडी आहे.

एका सुताराने मला भूर्जाच्या लाकडातून घडवलं. एव्हर्टने लग्नाच्या वर्षी मला विकत घेतलं. मी सरपण वाहिलं, बटाटे वाहिले, तापाने फणफणलेली त्याची मुलगी दवाखान्यात नेली. पण माझा आवडता वार शनिवार. त्या रात्री एव्हर्ट आणि त्याची बायको सीव नाचघरात जायची. सीव पाटावर बसायची, नाचाचे बूट मांडीवर घेऊन.

"तू जड झालीस, की मी म्हातारा झालो?" चढावर एव्हर्ट विचारायचा.

"दोन्ही. ढकल."

नाचघराबाहेर आम्हा घसरगाड्यांची रांग लागे. कुलूप कोणी लावत नसे. लावलं असतं तर शेजाऱ्यांना राग आला असता.

पुढे सीवचा खुबा दुखू लागला. बर्फावर तिला चार पावलं चालवेना. नाच मात्र तिने सोडला नाही. "आत तुझा खांदा असतो, बाहेर ही गाडी असते. मग मला काय झालंय?" असं ती म्हणायची. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी थंडी उणे पंचवीस अंशांच्या खाली गेली होती. नाच संपायच्या थोडं आधी यर्गन नावाचा लाकूड कारखान्यातला कामगार बाहेर आला. प्यायलेला होता, पण माणूस वाईट नव्हता. त्याने रांगेकडे पाहिलं आणि माझा दांडा धरला.

"कोणाची का असेना, सकाळी आणून ठेवीन," तो सोबत्याला म्हणाला.

पुलापर्यंत त्याने मला हाकत नेलं. पलीकडे रस्त्यावर पाय घसरू नयेत म्हणून खडी टाकली होती. माझ्या पट्ट्या अडखळल्या. त्याने मला कठड्याला टेकवलं आणि तो चालत घरी गेला.

पुढचं मी नंतर एव्हर्टच्या तोंडून ऐकलं. सीवला पायऱ्या उतरायला वेळ लागायचा, म्हणून ती दोघं सगळ्यांच्या शेवटी निघाली. मागे नाचघराचं दार बंद झालं. गाडी कोणी नेली असेल, हे दोघांच्या मनातही आलं नाही.

"कोणीतरी बाजूला सरकवली असेल. जा, बघून ये. मी इथेच उभी आहे," सीव म्हणाली.

एव्हर्ट शोधत निघाला. त्याला मी पाहिलं, मित्रांनो. तो रस्त्याच्या टोकाला आला, एकेक फाटकामागे वाकून पाहत होता. आणखी थोडा पुढे आला असता तर मी दिसले असते. पण सीव एकटी आहे, हे आठवून तो मागे फिरला. मला हाक मारता येत नाही.

तो येईना म्हणून सीव त्याला शोधायला निघाली असावी. कोपऱ्यावर ती पडली. खुबा मोडला. एव्हर्टला ती सापडली तेव्हा ती इतकी गारठली होती की तिला बोलता येत नव्हतं. पहाटे दवाखान्यात तिने प्राण सोडला.

सकाळी यर्गनने शब्द पाळला. मला नाचघरापाशी आणलं. तिथे झाडणाऱ्या माणसाने त्याला सगळं सांगितलं. मग तो मला ढकलत एव्हर्टच्या दारी घेऊन आला. वाटभर माझ्या पट्टीवर त्याने पाय ठेवला नाही.

"गाडी आणलीय," तो म्हणाला.

एव्हर्टने माझ्या पाटावरचा बर्फ हाताने झाडला.

"मला माहीत नव्हतं, एव्हर्ट. मला वाटलं..."

"आत ये," एव्हर्ट म्हणाला. "दार उघडं ठेवू नकोस. सवयीने कॉफी दोघांपुरती केलीय."

यर्गन आत गेला. त्याने दार लावून घेतलं.

आता मी लाकडांच्या खोपटात उभी असते. पट्ट्या गंजल्या आहेत. नाचघराबाहेर आता साखळ्या लावतात म्हणे.

मित्रांनो, बाहेर ठेवलेली वस्तू कोणाची तरी असते. ती हवीच असेल तर आधी दार उघडा आणि आत विचारा. त्या रात्री यर्गनने दार उघडून "ही गाडी कोणाची?" एवढंच विचारलं असतं, तर नाचता नाचता सीवने हात वर केला असता.