शाईचा थेंब आणि पुलाचा खांब

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पाट आहे. बसायचा नव्हे हं, पाणी वाहायचा! एका वेल्डरने कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी दहा पावलं लांब चौकट जोडली आणि त्याच्या भावाने तिला काचा बसवल्या.

प्रयोगशाळेतल्या बाई माझ्या वाहत्या पाण्यात काडी उभी करून शाई सोडायच्या. काडीमागे गिरक्या सुटायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, जणू कोणी वेणी घालतंय. विद्यार्थी गप्पा विसरून बघत राहायचे. पुढे हे सारं कॉम्प्युटरवर दिसू लागलं आणि माझ्यावर खोकी रचली गेली. भंगारवाला माप घेऊन गेला, तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली. तशी दोन वर्षं मी कोरडाच होतो म्हणा.

त्याच आठवड्यात बाईंचा एक जुना विद्यार्थी आला. तो आता इंजिनिअर होता आणि शाळेच्या मुलांसाठी नदीवर पायपूल बांधत होता. खांब उभे राहिले होते, गणितही जुळत होतं, पण त्याच्या मनाची रुखरुख जाईना.

बाईंनी खोकी उतरवली. माझ्या तळाशी वाळू पसरून तिच्यात छोटा खांब रोवला, पंप सुरू केला आणि शाई सोडली. शाई खांबापुढे खाली बुडाली आणि पायाला घोड्याच्या नालेसारखा वेढा घालून फिरू लागली.

"बाई, किती सुंदर आहे हे," तो हळूच म्हणाला.

"आहेच. आणि तेच तुझ्या खांबाखालची वाळू उकरतंय."

तासाभरात खांब कलला. मग दोघांनी पायाभोवती तऱ्हेतऱ्हेचे दगड रचून पाहिले. सातव्या खेपेला वाळू जागची हलली नाही. नदीतही त्याने तसेच दगड रचले.

त्या वर्षी तीन दिवस पूर होता. बाईंचं कशातच लक्ष लागेना. माझाही जीव टांगणीला लागला होता. चौथ्या दिवशी तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखून दारात उभा राहिला.

"उभा आहे, बाई. मुलं शाळेत गेली."

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसू लागल्या. मलाही हायसं वाटलं.

आता मी रोज वाहतो. सांधे मात्र झिरपतात. मित्रांनो, माझ्यात गढूळ पाणी तसंच सोडून जाऊ नका. पाणी आपलं सारं काही दाखवतं, काच तेवढी तुम्ही पुसत जा.