टाकीसाठी विरजण

लोखंडी आकड्याने तिने चेंबरचं झाकण उचललं, गुडघ्यांवर बसली आणि नाक खाली नेलं. साबण, खरकटं, नेहमीचा कुबट वास. ह्याही इमारतीचं पाणी साफ सुटलं. म्हणजे वसाहतीतल्या सगळ्या इमारती तपासून झाल्या होत्या आणि चोर अजून मोकळाच होता.

वसाहतीचं सांडपाणी शुद्ध करणारी टाकी तिच्या ताब्यात होती. त्या कोरड्या मुलखात प्यायलाच पाणी जेमतेम मिळे. झाडांना आणि संडासांना टाकीतून निघालेलं पाणी पुरवावं लागे. टाकीतलं खरं काम करायचे ते जंतू. डोळ्यांना न दिसणारे, पण घाण खाऊन पाणी नितळ करणारे. ते जोमात असले की टाकीला ओल्या मातीचा वास येई. सध्या मात्र वर पांढरा फेस होता, खाली गढूळ पाणी, आणि वास तर विचारूच नका. कुणीतरी रोज जंतुनाशक ओतत होतं, आणि तेही सढळ हाताने.

महिनाअखेरपर्यंत पाणी सुधारलं नाही तर टाकी बंद करून टँकर मागवू, असं सेक्रेटरींनी तिला तोंडावर सांगितलं होतं. टाकी गेली की नोकरी जाणार, आणि नोकरीबरोबर फाटकाजवळची खोलीही. नवरा जहाजावर, घरात ती आणि म्हातारे सासरे, जायचं कुठे? त्यातून खरं सांगायचं तर तिला त्या जंतूंचंही वाईट वाटत होतं. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती. आधीच लोक पाठीमागे तिला ‘टाकीवाली’ म्हणत, मग वेडी म्हणायला कितीसा वेळ लागणार.

तिने जिन्याजिन्यात सूचना लावल्या होत्या. एका बाईच्या मोरीत डोकावून भांडणही ओढवून घेतलं होतं. राहता राहिलं एकच चेंबर, तिच्या स्वतःच्या खोलीमागचं. ते पाणी कुठे न मिसळता थेट टाकीत जाई. दोन माणसांच्या घरात असून असून काय असणार, म्हणून तिने ते धरलंच नव्हतं. आता हातात आकडा होताच, म्हणून तेही झाकण उचललं. वास असा भसकन वर आला की तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

ती तशीच घरात धावली. मोरीत सासरे उकिडवे बसले होते. पुढ्यात बादली, बादलीत तिचा कामाचा निळा ड्रेस, शेजारी ब्लीचचा मोठा कॅन. त्यांचा सगळा जन्म हॉस्पिटलचे वॉर्ड धुण्यात गेला होता. जंतू म्हटलं की ते आजही बाह्या सरसावत. कॅन तिथल्याच जुन्या दोस्ताने आणून दिला असणार. ड्रेस विटत चाललाय तो उन्हाने, असं ती इतके दिवस समजत होती.

“बाबा, हे रोज करता तुम्ही?”

“तू दुपारी पडतेस ना, तेव्हा. आज उठलीस कशी?”

“पण कशासाठी?”

त्यांनी ड्रेस पिळला, झटकला, पुन्हा बादलीत टाकला. मग खाली बघतच सांगितलं. दुकानाच्या रांगेत ती पुढे होती, ते मागे. एका बाईने आपल्या मुलाला मागे ओढलं होतं. टाकीवालीला चिकटू नकोस, वास लागेल, असं म्हणाली होती.

“तुला ऐकू आलं नव्हतं,” ते म्हणाले. “मला आलं.”

तोंडापर्यंत आलेला राग तिथेच विरला. तिला रडू फुटलं, पण ब्लीचच्या वासामुळे ते खपून गेलं. सांगावं तर म्हातारा खचणार, न सांगावं तर टाकी मरणार. शेवटी ती त्यांच्याशेजारी मोरीच्या कट्ट्यावर बसली आणि तिने हळूहळू सगळं सांगितलं, जंतूंपासून सेक्रेटरींपर्यंत.

त्यांनी पुढ्यातली बादली बाजूला सारली.

“म्हणजे मीच की.”

“तुम्हाला काय माहीत, बाबा.”

त्यांनी कॅनचं झाकण लावलं. लागलेलं असूनही पुन्हा आवळलं.

संध्याकाळी सेक्रेटरींनी विचारलं, कुणाच्या घरचं निघालं. माझ्याच, चूक माझी, असं सांगून तिने त्यांचं लांबलचक व्याख्यान निमूट ऐकून घेतलं. नव्याने सुरुवात करायला महिनाअखेरपर्यंत वेळ होता. दुसऱ्या दिवशी ती टेम्पो घेऊन शेजारच्या गावी गेली आणि तिथल्या टाकीतला जिवंत जंतूंचा तपकिरी गाळ कॅन भरभरून घेऊन आली. दही लावायला विरजण लागतं, तसं टाकीलाही लागतं.

इतक्या वर्षांत सासरे टाकीच्या कुंपणाआत कधी आले नव्हते. आज कुंपणापाशी उभे राहिले, जरा घुटमळले आणि आत आले. ती पहिला कॅन उचलतच होती.

“एवढ्या उन्हातून उघड्यावर आणलंस ह्यांना?”

खांद्यावरचा पांढराशुभ्र टॉवेल काढून त्यांनी टाकीच्याच पाण्याच्या नळाखाली धरला, न पिळता बाकीच्या कॅनांवर पसरला आणि चारी बाजूंनी नीट खोचला.

“ओतताना हात हळू ठेव,” ते म्हणाले. “प्रवासातून आलेत.”