पिवळ्या पट्टीची मुलगी

मी एक जुने श्वासमापक यंत्र आहे. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहराच्या एका विद्यापीठात, रसायन विभागाच्या कपाटात आम्ही राहतो: अकरा फुंकनळ्या, दोन बॅटऱ्या आणि मी. नळीतून फुंकले की रक्तात दारू किती, ते मी आकड्यात सांगते.

मित्रांनो, एके काळी माझे फार कौतुक होते. मार्चमध्ये नव्या मुलांच्या सहलीला मला नेत. वरच्या वर्गातले विद्यार्थी पेले भरत आणि नव्यांना नाही म्हणता येत नसे. मग विभागाने चांगला नियम केला. ज्याला प्यायची नाही त्याने मनगटाला पिवळी पट्टी बांधायची. त्याला कोणी ओतायचे नाही. तेव्हापासून माझ्यावर धूळ साचली.

यंदा जूनमध्ये, सकाळच्या प्रात्यक्षिकात, पहिल्या वर्षाच्या सो-दामच्या हातून चंचुपात्र निसटले. तिच्या श्वासाला दारूचा पुसट वास होता. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मेंग ताईने मला बाहेर काढले.

"ताई, हिला कशाला? ही पिवळ्या पट्टीवाली," तिच्या वर्गातला ग्युन-हो हसला. "माझं बघ, निदान यंत्राला काम मिळेल."

सो-दामने फुंकले. ०.१३८. सकाळचे सव्वादहा वाजले होते. मी हबकलेच. गाडी चालवायला ०.०३ लाच बंदी आहे.

"म्हातारं झालंय ते. काहीही दाखवतं," ग्युन-हो म्हणाला.

ताईने नळी बदलून स्वतः फुंकले. ०.०००.

म्हणजे मी ठीक होते. तरीही ग्युन-होचे म्हणणे उचलून सो-दाम सगळे माझ्यावर ढकलू शकली असती आणि तशीच खोलीवर परतली असती. तिने तसे केले नाही.

"बाहेर जा रे सगळे," ताई म्हणाली. मग हळूच, "कुणी पाजली गं?"

"कुणी नाही, ताई. मला कुणी ओततच नाही."

"मग?"

"खोलीत. माझी मीच ओतते."

ताई सुन्न झाली. आमच्याकडे स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. तो समोरच्याने भरायचा असतो.

"मग पट्टी कशाला बांधलीस?"

"पहिल्या दिवशी घाबरले होते. पट्टीवाल्यांचं टेबल वेगळं. तिथे मी एकटीच. नंतर मला कुणी बोलावलंच नाही."

मित्रांनो, माझी धूळ नाही पुसलीत तरी चालेल. वर्गातल्या गप्प मुलीला जेवायला हाक मारा.

"शेवटचं कुणाबरोबर जेवलीस, त्याला किती दिवस झाले?" ताईने विचारले.

सो-दामने फोनमधले कॅलेंडर उघडून मोजले.

एकशे सहा.