खिडकीत ठेवलेली काचपेटी

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. आयुष्यभर एका जागी बसून आहे, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. माझ्या आत जो राहतो, त्याला काय हवे ते मला कळते. सांगता मात्र येत नाही.

एका काचवाल्याने पाच काचा जोडून मला घडवले. पहिली काही वर्षे मी दातांच्या डॉक्टरांकडे होते. माझ्यातले मासे बघता बघता घाबरलेली मुले रडे विसरत. पुढे दवाखाना बंद झाला आणि मी डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका घरी, माळ्यावर, जुन्या वह्यांखाली जाऊन पडले.

तिथून मला खाली काढले ते त्या घरातल्या आत्याने. ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायची. प्रयोगशाळा बंद होणार, म्हणून तिने तिथले दोन सॅलमँडर घरी आणले. दिसायला पालीसारखे, पण कातडी बेडकासारखी ओली, मऊ. तिने मला धुतले, तळाशी ओलसर माती आणि शेवाळ पसरले, लपायला झाडाची साल ठेवली, वर जाळीचे झाकण घट्ट बसवले आणि मला जिन्याखालच्या गार कोपऱ्यात ठेवले. तिची भाची हे सगळे टक लावून बघत होती. डोळ्यांवरून तिला सगळे घारी म्हणत. दोन दिवस बाहेरगावी जाताना आत्याने घारीला बजावले, की पेटी हलवायची नाही, उन्हात तर मुळीच नाही.

दुसऱ्याच दिवशी घारीच्या मैत्रिणी आल्या. कोपऱ्यात अंधार, त्यात ते दोघे सालीखाली दडलेले. बाबांच्या मागे लागून तिने मला खिडकीत नेले. सकाळी तिथे सावली होती. मैत्रिणींनी तोंडभर कौतुक केले आणि सगळ्या खेळायला पळाल्या.

दुपारी ऊन आले. आधी माझी एक काच तापली, मग दुसरी. शेवाळ सुकू लागले. ते दोघे काचेवर चढत, घसरत, पुन्हा चढत. माझा जीव नुसता तडफडत होता. घारीने दारातून पाहिले आणि ती हसून निघून गेली.

आत्या एक दिवस आधीच परतली. चप्पलही न काढता तिने मला उचलले. त्या दोघांतला थोरला वाचला. धाकट्याची हालचाल थांबली होती.

घारी भिंतीला टेकून उभी होती. आत्या रागावली नाही, तेच तिला सोसेना.

"मला वाटलं ते खेळतायत," ती म्हणाली.

"बाहेर पडायची वाट शोधत होते गं ते," आत्या म्हणाली.

आठ दिवस थोरल्याने काही खाल्ले नाही. घारी रोज संध्याकाळी सालीजवळ गांडूळ ठेवायची, शेवाळावर पाणी शिंपडायची आणि लांब बसून वाट बघायची. नवव्या दिवशी त्याने गांडूळ गिळले, तेव्हा तिला रडू फुटले.

परवा शेजारच्या काकू आल्या. पेटी जरा उजेडात आणा, म्हणाल्या.

"तुम्हीच या ना काकू जिन्याखाली," घारी म्हणाली. "जरा वाकावं लागेल."

काकू वाकल्या.

तरीही दुपार झाली की माझा जीव कासावीस होतो. मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी पेटी असेल, तर दुपारी एकदा तिच्या काचेला हात लावून बघा.